चित्र हलतं ते अंधारात

मे महिन्यात भाची राहायला आली होती. सात वर्षांची. मोबाइल काढून घेतल्यावर तिला गुंतवायला काहीतरी हवं होतं, म्हणून मिठाईच्या खोक्याच्या झाकणातून एक गोल चकती कापली. कडेला सारख्या अंतरावर बारा फटी पाडल्या, फटींच्या खाली उडी मारणाऱ्या बेडकाची बारा चित्रं काढली. पहिल्यात बेडूक बसलेला, मग थोडा उचललेला, मग हवेत, मग परत खाली. मधोमध टाचणी घालून ती पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरात रोवली आणि चकती गरकन फिरवली.

बेडूक दिसेना. नुसता हिरवट पट्टा.

"मामा, हे बिघडलंय," भाचीने निकाल दिला.

मग तिला आरशासमोर उभं केलं. चित्रांची बाजू आरशाकडे, आणि हिने चकतीच्या मागून एक डोळा मिटून फटीतून आरशात पाहायचं. चकती पुन्हा फिरवली. दोन सेकंद काहीच नाही, आणि मग जी किंकाळी आली ती ऐकून शेजारच्या काकू दारात. बेडूक उड्या मारत होता. एक नाही, बाराच्या बारा, आपापल्या जागी.

चकती तीच होती, चित्रं तीच, वेगही साधारण तोच. बदललं एवढंच की आता तिच्या डोळ्यासमोरून पुठ्ठा जात होता. हिशोब केला तर गंमत वाटते. चकतीचा व्यास २४ सेंटीमीटर, म्हणजे परीघ सुमारे ७५. फट ४ मिलिमीटरची, अशा बारा, म्हणजे सगळ्या मिळून पाच सेंटीमीटरही नाहीत. बेडूक उड्या मारताना दिसला त्या वेळातले शंभरातले सहा भाग तिला चित्र दिसत होतं. उरलेले चौऱ्याण्णव भाग ती मिठाईच्या खोक्याची मागची बाजू पाहत होती.

सिनेमा, कार्टून, मोबाइलवरची रीळ, या सगळ्यांच्या खानदानाची सुरुवात या झाकाझाकीत आहे. इतिहास सांगताना लोक चित्रांबद्दल बोलतात. मला त्या पुठ्ठ्याबद्दल बोलायचंय.

आधी शाळेत शिकलेली एक गोष्ट जरा बाजूला ठेवू. विज्ञानाच्या पुस्तकात 'दृष्टिसातत्य' असतं: डोळ्याच्या पडद्यावर पडलेली प्रतिमा एक सोळांश सेकंद टिकते, म्हणून सुटी चित्रं एकमेकांत मिसळतात आणि हलताना दिसतात. पहिलं अर्धं वाक्य ढोबळमानाने ठीक आहे. दुसऱ्या अर्ध्यात घोटाळा आहे, आणि तो त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या प्रयोगाने उघडा पडतो. न्यूटनची तबकडी आठवा. सात रंगांची चकती जोरात फिरवली की सगळे रंग मिसळून पांढुरकी दिसते. प्रतिमा टिकून राहिल्याने काय होतं याचं हे चोख उत्तर आहे: काला होतो. टिकून राहणं एवढंच पुरेसं असतं तर माझा बेडूक फटींशिवायही उडायला हवा होता.

मग हालचाल येते कुठून? गणपतीच्या मांडवाची रोषणाई पाहिलीत ना? कमानीवरून पळत जाणारा उजेड. तिथे पळत कुणीच नसतं. एक बल्ब विझतो, शेजारचा लागतो. दोन्ही जागच्या जागी. पण आपल्याला विझणं-पेटणं दिसत नाही, पळणं दिसतं. दोन घटनांमधलं अंतर डोक्याने स्वतःच भरून काढलेलं असतं. माक्स वेर्टहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावरच १९१२ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याच्याबद्दल अशी गोष्ट सांगतात की रेल्वेने जाताना हा विचार डोक्यात आला, तो मध्येच फ्रँकफर्टला उतरला आणि दुकानातून मुलांचं चित्र फिरवायचं खेळणं घेऊन हॉटेलच्या खोलीतच प्रयोगाला बसला. खेळणं म्हणजे, आमच्या चकतीचंच भावंड.

डोक्याला हे काम करता यावं यासाठी तीन गोष्टी लागतात. चित्र क्षणभर स्थिर, स्पष्ट दिसायला हवं. पुढच्या चित्रात फरक थोडाच हवा. आणि एक चित्र जाऊन दुसरं येताना ते सरकणं दिसता कामा नये. नाटकात अंक संपला की ब्लॅकआउट होतो, बॅकस्टेजची पोरं अंधारात दिवाणखाना उचलून नेतात आणि स्मशान आणून ठेवतात. उजेड आला की आपण मुकाट्याने मान्य करतो. दिवे चालू ठेवून सोफा ओढत नेला तर नाटक गेलंच. फट आणि पुठ्ठा म्हणजे सेकंदाला दहा-पंधरा वेळा होणारा ब्लॅकआउट.

ही चकती पहिल्यांदा बनवणारे दोघे होते, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. बेल्जियममधला जोसेफ प्लातो आणि व्हिएन्नातला सिमोन श्टाम्फर. साल १८३२, तेही अगदी वर्षअखेर. दोघांनाही खेळणं बनवायचं नव्हतं, दृष्टीचं शास्त्र समजून घ्यायचं होतं. फिरती चाकं फटींमधून पाहिली की वेडीवाकडी दिसतात, यावर इंग्लंडमध्ये पीटर मार्क रोजे आणि मायकल फॅरडे यांनी आधीच लिहिलं होतं. धागा तिथून आला.

प्लातोची गोष्ट चटका लावणारी आहे. प्रकाशाचा डोळ्यावर काय परिणाम होतो हे पाहायला १८२९ मध्ये तो पंचवीसेक सेकंद थेट सूर्याकडे टक लावून बसला. पुढे १८४० च्या दशकात तो पूर्ण आंधळा झाला. स्वतः त्याने दोष सूर्याला दिला. आजचे डॉक्टर म्हणतात की डोळ्याच्या आतला दाह हे जास्त शक्य कारण. हा माणूस त्यानंतरही चाळीस वर्षं संशोधन करत राहिला, घरची माणसं आणि सहकारी त्याचे डोळे झाले. साबणाच्या फुग्यांच्या पापुद्र्यांचे जे नियम आज त्याच्या नावाने शिकवतात, ते त्याने डोळे गेल्यावर पूर्ण केलेल्या कामातून आलेत.

त्या चकत्यांमध्ये एक खोडी होती, ती मला फार आवडते. फटी बारा आणि चित्रं बारा असली की बेडूक जागच्या जागी उडतो. आता फटी बाराच ठेवा आणि चित्रं अकरा काढा. एका फटीपासून दुसरी फट डोळ्यासमोर येईपर्यंत चकती ३० अंश फिरते, पण दोन चित्रांमधलं अंतर झालं जवळजवळ ३३ अंश. म्हणजे पुढचं चित्र आधीच्याच्या जागेवर पोचायला थोडं कमी पडतं. दर फटीला तीन-तीन अंश मागे. बेडूक उड्याही मारतात आणि सगळी रांग चकतीच्या उलट दिशेने सरकत राहते. तेरा चित्रं काढली तर पुढे धावते. जुन्या पिक्चरमध्ये टांगा भरधाव सुटलेला असतो आणि चाक मात्र संथपणे उलटं फिरतं, त्याचं कारण हेच. एका चौकटीपासून, म्हणजे फितीवरच्या एका चित्रापासून, पुढच्या चौकटीपर्यंत चाकाचा आरा शेजारच्या आऱ्याच्या जागेपर्यंत पुरता पोचलेला नसतो. डोकं जवळचा अर्थ लावतं: मागे सरकला.

यानंतरची काही वर्षं भराभर ओलांडू. इंग्लंडमध्ये विल्यम हॉर्नरने १८३४ मध्ये चकतीचा डबा केला: आत चित्रं, चित्रांच्या मधे फटी, भोवती बसून चार जणांनी पाहायचं. पण डबा बाजारात गाजला तो १८६० च्या दशकात, झोएट्रोप या नावाने. १८६८ मध्ये अंगठ्याने फरफर उलटायच्या चित्रवहीचं पेटंट घेतलं गेलं. शाळेत गाइडाच्या कोपऱ्यात आपण सगळ्यांनी जे केलं तेच, पण त्याचंही पेटंट आहे हे कळल्यावर मला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं होतं.

थांबायला हवं ते एमिल रेनो या फ्रेंच माणसापाशी. फटींचा एक तोटा आमच्या आरशासमोरही जाणवतो: चित्र काळपट दिसतं. शंभरातला सहा भागच उजेड येणार, दुसरं काय? शिवाय फटीतून चित्र थोडं दबून, बारीक दिसतं. रेनोने १८७७ मध्ये फटी काढूनच टाकल्या. डब्याच्या मधोमध त्याने अरुंद आरशांचा खांब उभा केला. जितकी चित्रं तितके आरसे. डबा फिरला की प्रत्येक आरसा आपल्या चित्राचं प्रतिबिंब क्षणभर जागेवर धरून ठेवतो आणि मग पुढचा आरसा पुढचं चित्र दाखवतो. चित्र लखलखीत, पुठ्ठ्याची आडकाठी नाही.

पण डब्यात बाराच चित्रं. बेडूक उडी मारतो, परत उडी मारतो, परत मारतो. गोष्ट सांगायची तर चित्रं शेकड्याने हवीत. रेनोने ती पारदर्शक जिलेटिनच्या चौकोनांवर एकेक करून हाताने रंगवली, लांब पट्टीत बसवली, पट्टीला भोकं पाडली म्हणजे ती चाकावर नेमकी बसेल, आणि मागून दिवा लावून पडद्यावर फेकली. २८ ऑक्टोबर १८९२ रोजी पॅरिसच्या म्युझे ग्रेव्हँ या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात त्याचा पहिला जाहीर खेळ झाला. अजून सिनेमा यायचा होता. एका पट्टीत पाचशे चित्रं, लांबी ३६ मीटर. आजच्या वेगाने ती अर्ध्या मिनिटात संपली असती. रेनो ती हाताने मागेपुढे फिरवून, रंगात आलेल्या कीर्तनकारासारखी रंगवून, दहा-पंधरा मिनिटं चालवायचा. पात्र दारापाशी थबकलं, मागे फिरलं, पुन्हा आलं, सगळं त्याच्या दोन हातांवर. १९०० पर्यंत साडेबारा हजारांहून जास्त खेळ, पाच लाख प्रेक्षक.

मग सिनेमा आला. एक पट्टी रंगवायला महिने घालवणाऱ्या माणसाला, दर आठवड्याला नवी फीत आणणाऱ्यांशी टक्कर देणं शक्य नव्हतं. १९१० नंतरच्या कधीतरी, वैतागाच्या भरात त्याने आपलं यंत्र फोडलं आणि पट्ट्या सेन नदीत फेकून दिल्या. दोनच वाचल्या. १९१८ मध्ये तो गेला. २८ ऑक्टोबर हा दिवस आता जगभर अॅनिमेशन दिन म्हणून साजरा होतो.

दरम्यान दुसऱ्या वाटेने कॅमेरा येत होता. घोडा धावताना चारही पाय एका वेळी जमिनीवरून उचलतो का, हा त्या काळी खरोखरचा वाद होता. कॅलिफोर्नियातले रेल्वेसम्राट लीलंड स्टॅनफर्ड यांनी तो सोडवायला एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराला हाताशी धरलं. जून १८७८ मध्ये पालो आल्टोच्या धावपट्टीवर बारा कॅमेरे ओळीने मांडले, वाटेत दोरे आडवे ताणले. घोडी धावत आली, तिने दोरे तोडले, दर दोऱ्याला एक कॅमेरा उडाला. निकाल: हो, चारही पाय हवेत असतात, पण चित्रकार शतकानुशतकं दाखवत होते तसे पुढेमागे ताणलेले नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना. पुढे मायब्रिजने ही चित्रं पडद्यावर दाखवायचं यंत्र बनवलं, तेव्हा फटीने पुन्हा हिसका दाखवला: चित्र दबून दिसणार! म्हणून काचेच्या चकतीवर त्याला छायाचित्रांवरून घोडे हाताने काढून घ्यावे लागले, तेही मुद्दाम लांबट. फटीतून पाहिल्यावर ते बरोबर दिसत. म्हणजे छायाचित्रणाचा एवढा खटाटोप करून पडद्यावर जे धावलं ते पुन्हा कार्टूनच.

फ्रान्समध्ये मारे या शरीरशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला, सेकंदाला बारा चित्रं टिपणारा. काचेच्या जागी लवचीक सेल्युलॉइडची फीत आली आणि अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सनने ती ३५ मिलिमीटर रुंद कापून प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंनी चार-चार भोकं पाडली. पुढचं शतकभर थिएटरांत तेच माप चाललं. मात्र एडिसनचं १८९४ मध्ये बाजारात आलेलं यंत्र पेटीत डोकावून एकट्याने पाहायचं होतं. आत फीत न थांबता धावायची आणि वर फटीची चकती. म्हणजे पुन्हा तोच काळपटपणा.

मोठ्या पडद्यावर भरपूर उजेड टाकायचा तर फीत दिव्यासमोर क्षणभर थांबली पाहिजे. चालवायची आणि थांबवायची, सेकंदाला सोळा वेळा, न फाडता. याचं उत्तर फ्रान्समधल्या ल्यूमिएर बंधूंपैकी लुईला शिवणयंत्रात सापडलं असं सांगतात, आणि ते पटतं. घरच्या मशीनकडे नीट पाहा. सुई कापडात असते तेव्हा कापड हलत नाही. सुई वर गेली की खालचे दाते कापड टाकाभर पुढे ढकलतात आणि खाली दबतात. ल्यूमिएरच्या यंत्रात दोन आकड्या फितीच्या भोकांत शिरतात, फीत एक चौकट खाली ओढतात, बाहेर निघतात. आणि ओढण्याच्या नेमक्या त्या वेळात दिव्यासमोर फिरती झडप येते. अंधार. फीत थांबली की झडप बाजूला. पुठ्ठा आणि फट, दोघं नव्या नोकरीवर रुजू झाले ते असे.

झडपेची पुढची करामतही सांगून टाकतो. सेकंदाला सोळाच वेळा अंधार झाला तर पडदा लुकलुकतो, डोळे दुखतात. उपाय म्हणून अंधार कमी करायचा, असंच आपल्याला वाटेल. पण केलं उलटं: झडपेला तीन पाती लावली आणि एकच चौकट तीनदा झाकून-उघडून दाखवली. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. इतक्या वेगाचं लुकलुकणं डोळ्याला फारसं कळत नाही. पुढे बोलपट आले, वेग २४ झाला, पाती दोन झाली, गुणाकार पुन्हा अठ्ठेचाळीसच. फितीच्या जमान्यात तीन तासांचा पिक्चर पाहून आलेल्या माणसाने जवळपास निम्मा वेळ काळा पडदा पाहिलेला असायचा, पूर्ण तिकीट देऊन.

२८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसच्या ग्राँ कॅफेच्या तळघरात ल्यूमिएरांचा पहिला तिकिटाचा खेळ झाला. तेहतीसेक गिऱ्हाइकं आली. अंगावर येणारी आगगाडी पाहून लोक पळत सुटले ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. पळापळीचा भरवशाचा पुरावा नाही आणि त्या दिवशीच्या दहा फितींत आगगाडी नव्हतीच.

आगगाडी मुंबईत मात्र पहिल्याच दिवशी होती. ७ जुलै १८९६, वॉटसन हॉटेल, सहा फिती, तिकीट एक रुपया. ल्यूमिएरांचा माणूस मारियुस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला जाता जाता इथे थांबला होता. ती लोखंडी सांगाड्याची इमारत काळा घोड्याला अजून उभी आहे, एस्प्लनेड मॅन्शन नावाने, टेकू लावून. पुढचे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात झाले, तिथे चार आण्यांतही पाहता येई. हे खेळ पाहून झपाटलेल्यांपैकी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवरची एक कुस्ती टिपली.

पडद्यावर चित्रं पाहायला मराठी माणूस तोपर्यंत नवखा नव्हता. कल्याणचे पटवर्धन १८९० च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' या नावाने कंदिलाचे, म्हणजे काचेवरची चित्रं दिव्याने पडद्यावर पाडायचे, खेळ करत. शांबरिक हे नाव मायावी शंबरासुरावरून. काचांवर बारीक कुंचल्याने रंगवलेली पौराणिक चित्रं, आणि एका काचेवर दुसरी काच सरकवून आणलेली हालचाल. सरकवणारा हात तेवढा दिसायचा नाही.

आता अॅनिमेशनकडे परत. फिल्मचा कॅमेरा हाताने फिरवायचा असे. फिरवता फिरवता थांबलं, समोरची वस्तू हलवली आणि पुन्हा फिरवायला लागलं की पडद्यावर ती वस्तू आपोआप उडी मारते. हे हळूहळू अनेकांच्या लक्षात आलं. पुढची पायरी म्हणजे दर चौकटीला थांबायचं. अमेरिकेत ब्लॅकटन या चित्रपटकाराने १९०६ मध्ये फळ्यावरचे खडूचे चेहरे असे हलवले. १९०८ मध्ये एमिल कोल या फ्रेंच व्यंगचित्रकाराने सातशेच्या आसपास चित्रं कागदावर काढली, खालून उजेड असलेल्या काचेवर ठेवून, म्हणजे आधीचं चित्र पाहून पुढचं गिरवता येईल. प्रत्येक चित्र दोन चौकटींना टिपलं. सातशे दुणे चौदाशे, भागिले सोळा: दीड मिनिट. काळ्यावर पांढऱ्या रेषा दिसतात म्हणून ते फळ्यावर काढल्यासारखं वाटतं. खरं तर रेषा काळ्या शाईच्या, कागद पांढरा. त्याने निगेटिव्हच दाखवली.

न्यूयॉर्कमध्ये व्यंगचित्रकार विन्झर मकेने १९१४ मध्ये डायनोसोर हलवला, तेव्हा मागचे दगड-झाडंसुद्धा प्रत्येक कागदावर नव्याने काढावे लागत होते. हजारो कागद. मदतनीस दगड गिरवत बसायचा. हात कितीही स्थिर असला तरी रेषा केसभर इकडेतिकडे होतेच, म्हणून ते दगड पडद्यावर उकळत्या दुधासारखे थरथरतात. त्याच वर्षी अर्ल हर्ड याने पारदर्शक सेल्युलॉइडवर फक्त पात्र काढायचं आणि मागचं दृश्य एकदाच रंगवून खाली ठेवायचं, याचं पेटंट घेतलं. दगड शांत झाले, आणि स्टुडिओंचे कारखाने सुरू झाले.

आपल्याकडे हे काम पहिल्यांदा केलं एका वाटाण्याने. दादासाहेब फाळके सिनेमाच्या नादात रात्र-रात्र जागून असे प्रयोग करत की मध्यंतरी त्यांची दृष्टी काही काळ गेली होती, उपचारांनी परत आली. १९१२ मध्ये ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी फीत टिपत गेले. 'अंकुराची वाढ'. पैसेवाल्यांसमोर पडद्यावर माती फुटली, कोंब वर आला, वेल झाला. एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीच्या मधल्या अंधारात किती तास दडवले होते ते कुणाला दिसलं नाही. पैसे मिळाले. पुढे १९१५ मध्ये त्यांनी आगकाड्या एकेक चौकटीने हलवून 'आगकाड्यांची मौज' केली.

वाटाण्याची गोष्ट भाचीला सांगून मी चूक केली. तिने खिडकीतल्या कुंडीत वाटाणे पेरले आणि रोज सकाळी दूध प्यायच्या आधी माझ्या मोबाइलवर एक फोटो, असा नेम सुरू केला. बारा फोटो झाले की चकती करायची. बाराव्या दिवशी कबुतराने रोप उपटलं. अकरा फोटोंवरून तिने अकरा चित्रं काढली, मी झाकण कापलं, सवयीने बाराच फटी पाडल्या. आरशासमोर तिचा वाटाणा आता उगवतो, उगवता उगवता चकतीच्या उलट दिशेने चालू लागतो, आणि ती म्हणते की तो कबुतराला घाबरून पळतोय.